दाजींचा रिझर्व्ह पिरियड शिल्लक आहे, परदेशात जाता येईल का? मदत हवी आहे

माझे दाजी मराठा लाइट इन्फंट्रीतनं नाईक म्हणून गेल्या वर्षी पेन्शनवर आले, घर कागलजवळ. डिस्चार्ज बुकात दोन वर्षं रिझर्व्ह (म्हणजे निवृत्तीनंतरही गरज पडली तर परत बोलावता येतं तो काळ) असं लिहिलंय, त्यातले नऊ महिने अजून शिल्लक आहेत आणि आता दुबईत सिक्युरिटीचं काम मिळतंय, पुढच्या महिन्यात जायचंय. मे २०२५ मध्ये टेरिटोरियल आर्मी (टीए, नोकरी-धंदा सांभाळून सेवा देणारी अर्धवेळ फौज) बोलवायचे अधिकार लष्करप्रमुखांना दिले तेव्हापासनं ताईच्या जिवाला घोर लागलाय. कोल्हापुरात १०९ टीए बटालियन आहे म्हणून गावात जो तो दाजींनाही बोलावतील असंच सांगतोय, पण दाजी टीएत कधीच नव्हते, रेग्युलर होते, त्यामुळं टीएला बोलवायचा नियम ३३ त्यांना लागू नाही, त्यांना १८८८ चा रिझर्व्ह फोर्सेस कायदा लागतो, एवढं मी वाचून काढलंय.

दोन माजी सैनिकांना विचारलं, दोघांची उत्तरं वेगळी. रेजिमेंटच्या बेळगावच्या रेकॉर्ड ऑफिसला पत्र टाकलंय, उत्तर यायचंय. डीएससीत (डिफेन्स सिक्युरिटी कोअर, लष्करी ठिकाणांची सुरक्षा बघणारं दल) परत भरती व्हा असं कृपया सुचवू नका, ते नको म्हणतायत.

ज्यांनी स्वतः हे केलंय त्यांनीच सांगा, रिझर्व्ह संपायच्या आत परदेशी नोकरीला जायला रेकॉर्ड ऑफिसची लेखी परवानगी लागते का, की नुसता तिथला पत्ता कळवला तरी चालतं? आणि तिकडं असताना बोलावणं आलं, पोचायला उशीर झाला, तर पेन्शनला धक्का लागतो का?