प्रोसेकोच्या पलीकडे

'इटलीची फसफसणारी वाइन म्हणजे प्रोसेको' असं कुणीतरी म्हटलंय, म्हणून थोडी भर. प्रोसेकोचा फेस बहुतेकदा मोठ्या टाकीत तयार होतो. लोम्बार्दीत इझेओ सरोवराजवळच्या फ्रांचाकोर्तात मात्र शॅम्पेनसारखं फेस आणणारं दुसरं किण्वन (आंबवणं) बाटलीतच होतं, आणि वाइन यीस्टच्या गाळावर किमान १८ महिने ठेवावीच लागते. तिथली 'सातेन' आवर्जून चाखा! फक्त पांढरी द्राक्षं, बाटलीतला दाब ५ अ‍ॅटमॉस्फिअरपर्यंतच; त्यामुळे बुडबुडे जिभेला टोचत नाहीत, अगदी मऊ लागतात. माझी सगळ्यांत आवडती हीच. उत्तर इटलीतल्या त्रेंतीनोची फसफसणारी वाइन 'त्रेंतोदोक' डोंगराळ भागातली, जास्त धारदार. वाइन बनवणाऱ्या जूलिओ फेर्रारींनी १९०२ मध्ये तिथे ही बाटलीतल्या किण्वनाची पद्धत रुजवली. या वाइन्स उंच, अरुंद 'फ्लूट' ग्लासाऐवजी पोटाशी रुंद असलेल्या ग्लासात ओता आणि बर्फगार करू नका, वास दबतो.