मॉडेल रॉकेट्रीची सामायिक विकी: रचना कशी ठेवावी?

फिनवाला
आमच्या गटात काही जण अमेरिकेत एस्टेस कंपनीच्या दारूच्या मोटर उडवतात, काही इथे महाराष्ट्रात पाण्याच्या रॉकेटवर काम करतात. सगळी माहिती ड्राइव्हवर साठलीय: ओपनरॉकेटच्या (रॉकेटची रचना करून उड्डाण आजमावायचा प्रोग्राम) फाइली, उंची मोजणाऱ्या अल्टिमीटरचे आलेख, ‘फायनल’ आणि ‘फायनल नवीन’ नावाच्या शीट. आता डोकुविकी टाकायचं ठरलंय, कारण ती साध्या मजकूर-फाइलींवर चालते, डेटाबेस सांभाळावा लागत नाही. पानं विषयवार करावीत (फिन म्हणजे शेपटीचे पंख, पॅराशूट, मोटर) की रॉकेटवार? आणि उड्डाणाच्या नोंदीत किमान काय हवंच?

लाँचरॉड
पानांचं नंतर बघा, आधी तीन तक्ते वेगळे करा: रॉकेट, मोटर, उड्डाण. रॉकेटला आवृत्ती क्रमांक द्या. फिन बदलले, नाकात वजन घातलं, की नवी आवृत्ती. उड्डाणाची प्रत्येक ओळ एका आवृत्तीला आणि एका मोटरला जोडलेली हवी, नाहीतर दोन वेगळ्या रॉकेटांची सरासरी काढत बसाल.

त्या ओळीत किमान एवढं: वॅडिंग (पॅराशूटला आगीपासून वाचवणारा कागद), पॅराशूट, मोटर सगळं भरून केलेलं वजन, नोज कोनच्या (नाकाच्या) टोकापासून सीजी (गुरुत्वमध्य), लाँच रॉडची लांबी, वारा, तापमान, मैदानाची समुद्रसपाटीपासूनची उंची, गाठलेली कमाल उंची, आणि एजेक्शन (पॅराशूट बाहेर ढकलणारा छोटा स्फोट) शिखराच्या किती सेकंद आधी किंवा नंतर झालं ते.

मोटरवर छापलेला तारखेचा कोडही टाका. लोकांना हा रकाना फालतू वाटतो, पण नाही. ब्लॅक पावडरची मोटर गाडीच्या डिकीत तापून परत गार झाली की आतला दारूचा ठोकळा केसिंगपासून सुटू शकतो. पेटल्यावर ज्वाला त्या फटीत शिरते, जळणारा पृष्ठभाग एकदम वाढतो आणि मोटर फुटते. एकाच कोडच्या मोटर फुटताना नोंदीत दिसल्या, तर उरलेल्या बाजूला ठेवता येतात.

सीजीकर
वजनाचे रकाने दोन ठेवा, मोटरसह आणि मोटरशिवाय. ओपनरॉकेटमध्ये वजन ओव्हरराइड करताना (हाताने भरताना) मोटरशिवायचा आकडा द्यायचा असतो. बरेच जण भरलेलं रॉकेट तोलून त्याचं वजन आणि सीजी तसेच टाकतात, मग प्रोग्राम मोटर पुन्हा मिळवतो. सी६ ही एस्टेसची मोटर सुमारे २४ ग्रॅमची. शेपटीकडे ती दोनदा धरली गेली की सीजी मागे सरकलेला दिसतो, स्थिरता (सीजी आणि हवेच्या दाबाचा मध्य यांतलं अंतर) एक कॅलिबरच्या, म्हणजे नळीच्या एका व्यासाच्या, खाली येते आणि कोणीतरी नाकात उगाच क्ले भरतो.

मोटरच्या पानावर नावावरून आकडे काढू नका. सी६ म्हणजे सरासरी ६ न्यूटन असं वाटतं. चाचणीतली सरासरी ४.७ च्या आसपास आणि एकूण आवेग ८.८ न्यूटन-सेकंद आहे. थ्रस्ट (मोटरचा जोर) वजनाच्या पाचपट हवा या नियमाने १०० ग्रॅमच्या रॉकेटला ४.९ न्यूटन लागतात, म्हणजे सी६ कागदावर नापास. तरी ते नीट उडतं, कारण सुरुवातीचा झटका १४ न्यूटनपर्यंत जातो आणि रॉड सुटतानाचा वेग त्यावरच ठरतो. म्हणून थ्रस्टकर्व या मोटरच्या माहितीच्या साइटवरच्या मूळ फाइलचा दुवा द्या, आकडे हाताने उतरवू नका.

आणखी एक: ओपनरॉकेटची फाइल आतून झिप असते. दोन आवृत्त्यांत काय फरक पडला ते विकी दाखवू शकत नाही. प्रत्येक फाइलबरोबर ‘काय बदललं’ ही एक ओळ सक्तीची करा.

वॅडिंग_जास्त_टाका
बिघाडांची पानं लक्षणावरून करा. मैदानावर उभा असलेला माणूस ‘पॅराशूट’ हे पान वाचत नाही, तो ‘नोज कोन निघाला पण पॅराशूट उघडलं नाही’ हे शोधतो. त्या पानावर कारणं अशी: प्लॅस्टिक वितळून चिकटलंय का (वॅडिंग कमी पडलं, नळीच्या व्यासाच्या दीड ते दोन पट खोली, सैल भरलेलं हवं), घडी घालून रात्रभर ठेवलं होतं का (थंडीत घडी तशीच बसते, उडवायच्या आधी घाला, थोडी टाल्कम पावडर लावा), दोऱ्या गुंतल्या का.

शॉक कॉर्डने (नळी आणि नोज कोन जोडणारी दोरी) नळी उभी चिरली तर ते वेगळं पान. तिथे दोरीला दोष देण्याआधी एजेक्शनच्या वेळेचा रकाना बघायचा. डिले (मोटर विझल्यापासून एजेक्शनपर्यंतचा वेळ) लवकर संपो वा उशिरा, रॉकेट वेगात असताना चार्ज उडाला की हेच होतं.

पॅराशूटचा आकार वजनावरून द्या, ‘मोठं’ असं लिहू नका. १०० ग्रॅम, उतरण्याचा वेग ५ मीटर प्रति सेकंद, ड्रॅग गुणांक ०.८ धरला तर व्यास सुमारे ३२ सेंटिमीटर येतो. वजन मोटर जळून गेल्यानंतरचं घ्या.

फिनवाला
मोटरचा तक्ता भारतातल्यांना काय कामाचा? आणि पाण्याची रॉकेटं कुठे बसवू?

लाँचरॉड
मोटरचं पान देशवार करा. भारतात गनपावडर (म्हणजेच ब्लॅक पावडर) स्फोटक नियम, २००८ खाली येते; ते बघणाऱ्या पेसोचं (केंद्र सरकारची स्फोटक-सुरक्षा संस्था) मुख्यालय नागपुरातच आहे. घरी मोटर बनवायच्या कृती मात्र विकीवर कुठल्याच देशाच्या पानावर नकोत. कोणी टाकली तर चर्चा न करता काढा.

पाण्याच्या रॉकेटांना वेगळा तक्ता द्या: बाटलीचं आकारमान, पाणी किती (साधारण एक तृतीयांशापासून सुरुवात), दाब, नोझलचा व्यास. प्रत्येक बाटलीला क्रमांक द्या आणि ती किती वेळा दाबाखाली गेली ते मोजा. पीईटी (बाटलीचं प्लॅस्टिक) दर वेळी थोडी ताणली जाते, ओरखडा असेल तिथे आधी फाटते. नव्या बाटलीची दाबचाचणी काठोकाठ पाणी भरून करायची. आत हवा जवळपास नसल्याने फुटली तरी तुकडे उडत नाहीत.

सीजीकर
आणि एकक रकान्याच्या शीर्षकातच लिहा. बरेच अल्टिमीटर फुटांत आकडा देतात, तर मोटरच्या .eng फाइलीत वजन किलोग्रॅममध्ये असतं. कोणी इंधनाचं वजन ०.०१०८ ऐवजी १०.८ टाकलं की प्रोग्राममध्ये रॉकेट रॉडवरून हलतच नाही आणि सगळे फिनमध्ये चूक शोधतात.