'कॅश' पुसायची म्हणजे नेमकं काय पुसायचं?

परवा आईला फोनवर सांगत होतो, "वीजबिलाचं पान अडकतंय ना, मग ब्राउझरची कॅश क्लिअर कर." ती घाबरलीच. "नको रे, आत्ताच पेन्शन जमा झालीये." तिचं काय चुकलं? रोख रकमेची कॅश आणि ही कॅश, देवनागरीत दोन्ही सारख्याच. काही जण म्हणून 'कॅशे' लिहितात, पण इंग्रजीतला उच्चार 'कॅश'च आहे. घरच्या माणसाला कळेल असा मराठी शब्द सुचवा.

*

मूळ शब्द फ्रेंच, अर्थ 'लपवणे'. उत्तर अमेरिकेतले फरचे व्यापारी अन्नसाठा पुरून ठेवत, त्या जागेला हे नाव होतं. संगणकात तो रुळला १९६८ च्या सुमारास, आयबीएमच्या सिस्टीम/३६० मॉडेल ८५ या संगणकामुळे. सतत लागणारी माहिती प्रोसेसरजवळच्या छोट्या, वेगवान मेमरीत ठेवायची, प्रोग्रामला त्याचा पत्ताही नसतो. आपल्याकडे जमिनीत धान्य साठवायचं ते 'पेव'. तोच शब्द घ्यावा का?

*

पेव नाही पटत. ते महिनोन्महिने बंद असतं, उघडल्यावर आतली कोंदट हवा जाऊ दिल्याशिवाय कुणी उतरत नाही. शिवाय 'पेव फुटणे' आहेच, अर्थ भलतीकडे जाईल.

ब्राउझरची कॅश म्हणजे मिसळणाचा डबा. हळद-मोहरी बरणीतून थोडी काढून गॅसजवळ ठेवतो, तशी संकेतस्थळाची चित्रं, मांडणीच्या फाइली ब्राउझर आपल्याच यंत्रात ठेवतो. दर वेळी सर्व्हरपर्यंत, म्हणजे संकेतस्थळ जिथे ठेवलेलं असतं त्या दूरच्या संगणकापर्यंत, जावं लागत नाही. कोणती फाइल किती काळ वापरायची ते सर्व्हर सेकंदांत सांगतो. ती मुदत फार लांब दिली आणि मध्येच फाइल बदलली, तर ब्राउझर विचारायलाही जात नाही. पान नवं, मांडणी जुनी! मग बटणं एकमेकांवर चढतात, दाबली तरी काही होत नाही. डबा रिकामा केला की बरणीकडे जावंच लागतं, म्हणून पान सुधारतं. पण त्यानंतर पहिल्यांदा प्रत्येक पान सावकाश उघडतं, तेव्हा हे रोज करायचं काम नव्हे.

कॅश पुसताना त्याच यादीत कुकी दिसते, म्हणजे संकेतस्थळाने ब्राउझरमध्ये ठेवलेली छोटी नोंद. ती मात्र वेगळी, तिला यात ओढू नका. ती देवळाबाहेर चपला ठेवल्यावर मिळणारा बिल्ला. नेटस्केप या ब्राउझर कंपनीने १९९४ मध्ये आणली, संकेतस्थळाने आपल्याला ओळखावं म्हणून. ती पुसली की पुन्हा लॉगिन करावं लागतं. लॉगिनचंच पान गोल गोल फिरत असेल तर ती पुसावी, एरवी यादीत कुकीसमोरच्या चौकटीतली खूण काढून ठेवावी.

*

मिसळणाचा डबा आवडला, पण वाक्यात लांब होतो. हातखर्च, हातउसने यांच्या चालीवर 'हातसाठा' कसा वाटतो? आणि क्रियापद 'रिकामा करणे'. 'पुसणे' म्हटलं की कायमचं काही गेल्यासारखं वाटतं, इथे तर साठा वापरता वापरता पुन्हा भरतो.

आईला तसंच सांगितलं. "फक्त चित्रांचा साठा ना?" असं दोनदा विचारून तिने तो रिकामा केला, आणि बिल भरलं गेलं.