'निटिंग'ला मराठीत नेमकं काय म्हणायचं?

लोकरवेडी:
नवशिक्यांसाठीची एक छोटी पुस्तिका मराठीत करून देते आहे. मूळ इंग्रजी, विषय साधा: आधी निटिंग शिकावं की क्रोशा? मी शीर्षक दिलं 'विणकाम की क्रोशा?' आणि ज्या मावशींना वाचायला दिलं त्यांनी तिथेच लाल पेन चालवलं. "क्रोशा म्हणजे विणकाम नाही होय?" त्यांचंही खरंच. आपण तोरण विणतो, स्वेटरही विणतोच. मग सुयांवरच्या कामाला सुटा शब्द कोणता? 'दोन सुयांवरचं विणकाम' अचूक आहे, पण दर परिच्छेदात एवढं लांबण कोण लिहिणार?

जुनी_सुई:
शाळेत कार्यानुभवाच्या तासाला आमच्या बाई फळ्यावर 'विणकाम' आणि 'क्रोशाकाम' असं वेगवेगळं लिहायच्या. कुणाचाही गोंधळ झाला नाही. शीर्षक आहे तेच ठेवा, मावशींना माझा नमस्कार सांगा. आणि 'दोन सुया' म्हणाल तर मोजे चार-पाच सुयांवर होतात, त्यांचं काय करणार?

सोलापुरी_चादर:
माफ करा, पण दोघीही चुकताय. विणकाम मागावर होतं. उभा ताणा, आडवा बाणा आणि त्यातून पळणारा धोटा. आमच्याकडे विणकर म्हटलं की पद्मशाली समाजच डोळ्यांसमोर येतो, लोकरीचा गुंडा घेऊन गॅलरीत बसलेल्या काकू नाही. स्वेटरमध्ये एकाच धाग्याचे फासे एकमेकांत अडकवलेले असतात. त्याला विणकाम म्हणणं ही ढिलाई आहे.

शब्दखोड:
मग कोळी काय मागावर जाळं विणतो? सुगरणीला धोटा कुणी दिला? 'विणणे' हे मुळात मोठ्या पोटाचं क्रियापद आहे. बाज विणतात, टोपली विणतात, मासेमारीचं जाळं विणतात, आणि त्या जाळ्यात तर गाठीच गाठी. गंमत म्हणजे इंग्रजी 'निट'चं नातं 'नॉट'शी, म्हणजे गाठीशी आहे. आणि निटिंगमध्ये गाठ औषधालाही नसते! टोक सोडवून ओढा, अख्खी बाही उसवते. तेव्हा ढिलाई त्यांनीही केलीय. शिवाय साहेब, तुमच्या अंगातला बनियनही निटिंगच आहे, फक्त यंत्रावरचं. इंग्लंडात विल्यम ली यांनी १५८९ मध्ये मोजे विणायचं यंत्र केलं, त्याचीच ही पुढची वंशावळ. तामिळनाडूतल्या तिरुपूरला बनियनचं जे कापड होतं, त्याला 'विणलेलं' नाही तर काय म्हणायचं?

सोलापुरी_चादर:
होजिअरी. कुठल्याही दुकानात जाऊन विचारा.

शब्दखोड:
वा! म्हणजे शुद्धतेचा आग्रह इंग्रजी शब्दापाशी येऊन संपला. माझा प्रस्ताव: 'सूचिवयन' आणि 'अंकुशवयन'. संस्कृत 'वे' धातूवरून 'वयन', आणि दोन्हींतलं साधन नावातच आलं.

जुनी_सुई:
अंकुश? हत्ती हाकायचाय का?

कोसकोस:
'क्रोशा' हा संस्कृतच शब्द आहे हो. क्रोश म्हणजे कोस. टेबलावरच्या एका मोठ्या रुमालाला कोसभर दोरा लागतो, म्हणून क्रोशा. आजीकडून ऐकलंय.

मडगांवची:
आजींना दंडवत, पण शब्द फ्रेंच आहे. 'क्रो' म्हणजे आकडा, 'क्रोशे' म्हणजे छोटा आकडा. पोर्तुगीजांनी तो फ्रेंचांकडूनच उचलला, त्यामुळे आमच्या घरी गोव्यात 'क्रोशे'च म्हणतात, शेवटी 'शा' नाही. त्याच आकड्यावरून जुन्या फ्रेंचमधून इंग्रजीत 'एन्क्रोच' आलं, आकडा टाकून ओढून घेणं. म्हणजे महापालिकेचं एन्क्रोचमेंट खातं आणि तुमचं तोरण एकाच कुळातले!

कोसकोस:
आणि टाका सुटल्यावर होतो तो आक्रोश. तो तरी संस्कृत आहे ना?

लोकरवेडी:
मंडळी, शीर्षकाचं राहू द्या, आता दुसरीच पंचाईत आहे. पुस्तिकेत 'डबल क्रोशे' नावाचा टाका आहे. 'दुहेरी खांब' लिहू?

जुनी_सुई:
अजिबात नको! आधी बघा, लेखिका ब्रिटिश पद्धत वापरते की अमेरिकन. ब्रिटिश 'डबल' म्हणजे आपला मुका खांब, अमेरिकेत त्यालाच 'सिंगल' म्हणतात. अमेरिकन 'डबल' म्हणजे आपला नेहमीचा खांब, तो ब्रिटिशांचा 'ट्रेबल'. मराठीत हा घोळच नाही. साखळी, मुका खांब, अर्धा खांब, खांब. कुणी भाषातज्ज्ञ बसवून केलेले शब्द नाहीत हे, विणणाऱ्या बायकांनी केलेत. सुयांचंही तसंच तपासा. आपल्याकडचे जुने नंबर ब्रिटिश मापाचे: नंबर वाढेल तशी सुई बारीक. आपली ८ नंबर ४ मिलिमीटरची, अमेरिकन ८ नंबर ५ ची. अमेरिकन पुस्तिकेतला नुसता '८' लिहिलात तर वाचणारीचं टोपडं बाळाऐवजी बाहुलीला बसेल.

शब्दखोड:
'मुका खांब' का पण? बुटका म्हणून मुका?

जुनी_सुई:
मला विचाराल तर त्यावर दोरा गुंडाळायचाच नसतो, म्हणून. सुई खुपसा, दोरा ओढा, दोन्ही फाशांतून काढा, संपलं. खांब करताना आधी सुईवर वेढा घ्यावा लागतो.

शब्दखोड:
म्हणजे वेढा हाच आवाज? पटत नाही.

नवशिका:
मी मघापासून वाचतोय, कारण मला खरंच शिकायचंय. बहिणीच्या बाळासाठी टोपडं करायचं आहे. दोन्हींतलं आधी काय घेऊ?

लोकरवेडी:
क्रोशा घ्या. सुईवर एका वेळी एकच फासा जिवंत असतो. चुकलं तर तेवढं उसवायचं, पुन्हा सुरू. सुयांवर अख्खी ओळ टांगलेली असते, एक टाका गळला की तो खालपर्यंत उसवत जातो आणि नवखा माणूस घाबरतो. क्रोशात जाच एवढाच की पहिल्या साखळीत खांब घालताना बोटं वळत नाहीत आणि ओळीच्या टोकाचा खांब विसरला की चौकोनाचा त्रिकोण होतो. म्हणून दर ओळीला खांब मोजा.

जुनी_सुई:
टोपडं आहे ना? मग सुयाच घ्या. सुयांवरचं कापड ताणतं, डोक्याला धरून बसतं. क्रोशाचं जाडही होतं आणि लोकरही जास्त खातं. सगळे टाके सुलट घालून एक पट्टी विणा, दुसरं काही शिकूच नका आधी. लोकर फिक्या रंगाची घ्या. काळ्या लोकरीत टाका दिसत नाही.

सोलापुरी_चादर:
बघा, इथेही 'कापड' आणि 'विणा' एका दमात.

मडगांवची:
नवशिका, बाळ किती महिन्यांचं? अगदी तान्हं असेल तर टोपड्यापेक्षा कुंची बरी, पाठ झाकली जाते.

शब्दखोड:
कुंची आणि टोपडं यांत फरक करायलाच हवा. टोपडं हनुवटीखाली बांधतात, कुंचीला मागे झूल असते.

सोलापुरी_चादर:
आणि कुंची कापडाचीच शिवतात, खण किंवा जरीची. लोकरीची कुंची हा पुन्हा नवा प्रकार.

जुनी_सुई:
माझ्या मुलीची लोकरीची होती. फोटो आहे.

नवशिका:
लोकर किती घेऊ?

सोलापुरी_चादर:
फोटोतलं ते टोपडंच असणार. झूल दाखवा.