मदत हवी आहे : पोलिसांना दिलेला खोटा जबाब आता दुरुस्त करावा का?

नमस्कार. मी साताऱ्यात राहते आणि शिक्षिकेच्या नोकरीतून निवृत्त झाले आहे. प्रश्न कायद्यापेक्षा मनाला अधिक लागलेला आहे, तरी कायदा जाणणाऱ्यांनीही अवश्य लिहावे.

तीन आठवड्यांपूर्वी सकाळी आमच्या इमारतीच्या फाटकाशी एका स्कूटरने भाजीवाल्या मावशींना उडवले. मी गॅलरीत तुळशीला पाणी घालत होते. स्कूटर शेजाऱ्यांचा सतरा वर्षांचा मुलगा चालवत होता, हे मी स्वच्छ पाहिले. मेथीच्या जुड्या रस्ताभर पसरल्या होत्या आणि मावशी बसल्या जागेवरून तराजूचे पारडे शोधत होत्या. पाय मोडला आहे हे त्यांना उठू लागल्यावर कळले.

पोलीस येण्याआधी मुलाची आई माझ्या दारात उभी होती. "काकू, त्याची बारावी आहे. तुम्ही काही पाहिले नाही, एवढेच म्हणा." हवालदार घरी आले तेव्हा "आवाज ऐकून बाहेर आले, तोवर सगळे होऊन गेले होते," असे मी सांगितले. त्यांनी ते लिहून घेतले, सही मागितली नाही. आता कागदोपत्री गाडी मुलाचे वडील चालवत होते, कारण परवाना त्यांच्याकडे आहे.

मी कोणाचेही नाव घेतले नाही, कोणाला गुंतवलेही नाही, अशी समजूत मी दोन दिवस घालत राहिले. तिसऱ्या दिवशी रुग्णालयात गेले, तर मावशी म्हणाल्या, "पोरगाच होता, बाई, पण बिल्डिंग म्हणतीय बाप होता, मग माझं कोण ऐकतंय?" माझे खोटे पोलिसांपाशी थांबले नव्हते; त्याने मावशींना खोटे ठरवले होते.

आमच्या घरात पोलिसांशी खोटे बोलणे हा अभिमानाचा विषय आहे, हे सांगायला हवे. १९४३ साली, प्रतिसरकारच्या दिवसांत, आजीने दोन भूमिगत कार्यकर्ते वैरणीच्या गंजीमागे लपवले होते आणि फौजदार दारात आला असता जात्यावरचा हात न थांबवता "पाव्हणं पंढरीला गेल्यात" असे उत्तर दिले होते. ही गोष्ट मी वर्गात कितीदा तरी सांगितली. त्याच जोडीने महाभारताच्या कर्णपर्वातील कौशिकाचीही सांगत असे : सत्यवचनाचे व्रत पाळायचे म्हणून त्याने लपलेल्या माणसांचा ठावठिकाणा लुटारूंना सांगितला आणि तो नरकात गेला. पण आजीच्या खोट्याची किंमत परक्या सरकारने मोजली, आणि पकडली गेली असती तर तिने स्वतः मोजली असती. माझ्या खोट्याची किंमत मात्र पाय मोडलेली बाई मोजत आहे. मे २०२४ मध्ये पुण्याच्या कल्याणीनगर अपघातात, गाडी अल्पवयीन मुलगा चालवत असूनही गुन्हा स्वतःवर घे म्हणून घरच्या चालकावर दबाव आणल्याचा आरोप झाला, तेव्हा भिशीत सर्वांत मोठा आवाज माझाच होता.

शेजारी म्हणतात, "खरे सांगितलेत तर विमा कंपनी हात वर करेल आणि मावशींनाच काही मिळणार नाही." हे खरे असेल तर मी काय करावे?

प्रतिसाद :

ताई, मी वकिली करतो. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १८० नुसार तपासात विचारलेल्या प्रश्नांची खरी उत्तरे देणे बंधनकारक आहे. ज्या उत्तराने आपण स्वतःच गुन्ह्यात अडकू, तेवढेच टाळता येते. घटनेच्या दिवशी तुम्हाला ती सवलत नव्हती. सही घेतली नाही, कारण त्या जबाबावर सही घ्यायचीच नसते. मात्र गुन्हेगाराला वाचवण्यासाठी जाणूनबुजून खोटी माहिती देणे हा भारतीय न्याय संहितेच्या कलम २३८ खाली गुन्हा ठरू शकतो, म्हणून एकट्या जाऊ नका. वकील बरोबर घ्या आणि दोषारोपपत्र दाखल होण्याआधी तपासी अंमलदारांकडे पुरवणी जबाब द्या.

विम्याचा धाक अर्धवट आहे. चालकाकडे परवाना नसला तरी कंपनीने आधी जखमीला भरपाई द्यावी आणि मग ती गाडीच्या मालकाकडून वसूल करावी, असे आदेश न्यायालये सर्वोच्च न्यायालयाच्या २००४ च्या निकालाच्या आधारे देत आली आहेत. शेजाऱ्यांची खरी भीती मोटार वाहन कायद्याच्या कलम १९९-अ ची असावी : पालकाला किंवा मालकाला तीन वर्षांपर्यंत कैद आणि २५,००० रुपये दंड, गाडीची नोंदणी बारा महिने रद्द, मुलाला पंचविसाव्या वर्षापर्यंत परवाना नाही.

धागाकर्ती :

मनःपूर्वक आभार. वकिलांची वेळ घेतली आहे. आता एकच विचारायचे राहिले. काल मुलाने माझी पिशवी न सांगता तीन मजले वर आणून दिली आणि मान खाली घालूनच परत गेला. ठाण्यात जाण्याआधी मी त्याच्या आईला सांगावे का? सांगितले तर त्यांना जुळवाजुळव करायला वेळ मिळेल, आणि न सांगता गेले तर जिने माझ्या आजारपणात महिनाभर डबा दिला, तिच्या पाठीमागे गेल्यासारखे होईल.