१२ बाय २० फुटांच्या अंगणात जपानी बाग: काय ठेवावं, काय वगळावं?

अंगणवाला: नागपूरला धरमपेठेत घरामागे १२ बाय २० फूट मोकळी जागा आहे, काळी माती. कंत्राटदाराच्या यादीत लाल पूल, दगडी दिवा, शेवाळ, पांढऱ्या मार्बल चिप्स असं सगळंच आहे. मूळ परंपरेत हे एकत्र असतं का? आणि इथल्या उन्हात काय टिकेल?

शिळाप्रेमी: यादी म्हणजे आठशे वर्षांची भेळ आहे. पूल तळ्याच्या बागेतला. हेइआन काळात (७९४ ते ११८५) सरदारांच्या वाड्यापुढे दक्षिणेला तळं, तळ्यात बेट, बेटावर जायला पूल. पाणीच नसेल तर पूल कशाला? अकराव्या शतकातल्या 'साकुतेइकी' या बागरचनेच्या ग्रंथात 'कारेसानसुई' (कोरडी बाग) हा शब्द येतो, पण तिथे तो पाण्याशिवाय मांडलेल्या दगडांपुरताच आहे. अख्खी बाग कोरडी ठेवायची रीत रुजली ती पुढे, मुरोमाची काळातल्या (१३३६ ते १५७३) झेन बौद्ध मंदिरांत. क्योतोच्या र्योआनजी मंदिरात साधारण २५ बाय १० मीटरमध्ये पाच गटांत १५ दगड, बस्स. तुमच्या जागेला हाच नमुना जमेल.

दगडी दिवे मूळचे देवळांतले. चहा-समारंभाचा आचार्य सेन नो रिक्यूच्या (१५२२ ते १५९१) काळात ते चहा-समारंभाच्या घरापुढच्या बागेत आले, पायदगड आणि हात धुवायच्या कुंडीसोबत. वाट नसेल तर दिवा नुसता शोभेचा. शेवाळाचं म्हणाल, तर क्योतोच्या साइहोजी मंदिराची बाग मुसो सोसेकी या झेन भिक्षूने १३३९ मध्ये रचली, पण तिथलं प्रसिद्ध शेवाळ बऱ्याच नंतर आपोआप पसरलं. मे महिन्यात नागपूरला ते जगवणं विसराच.

मुरूमगिट्टी: काळी माती हा खरा शत्रू. पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात तडकते, आणि वर मांडलेले दगड कलतात. फूटभर माती काढा, मुरूम थरांत भरून पाणी मारून धुम्मस करा. घराकडून बाहेर ढाळ १०० ला १, म्हणजे २० फुटांत अडीच इंच. त्यावर जिओटेक्सटाइल, म्हणजे पाणी झिरपू देणारं कापड. नाहीतर गिट्टी मुरुमात रुतते आणि हरळी वर येते. मोठे दगड गिट्टीआधीच बसवा, निदान एक तृतीयांश जमिनीत. नुसता ठेवलेला दगड ठेवलेलाच दिसतो. गिट्टी अडीच इंच जाडीची धरली तर २४० चौरस फुटांना ५० घनफूट, म्हणजे अर्धा ब्रास.

अंगणवाला: गिट्टी पांढरीच घेऊ ना?

मुरूमगिट्टी: नको. दुपारी डोळे दिपतात. क्योतोची शिराकावा वाळूही ग्रॅनाइटची, करड्या झाकेची. करड्या ग्रॅनाइटची ६ ते १० एमएम घ्या, चाळून आणि धुऊन. चुरी राहिली तर पहिल्या पावसात थर घट्ट बसतो, मग गिट्टीत लाटांसारख्या रेघा ओढायला दाताळं चालत नाही. दाताळ्याचे दात दीड-दोन इंच अंतरावर ठेवा. जवळजवळ असले तर रेघा ढासळतात.

शिळाप्रेमी: दगड इथलाच काळा बेसाल्ट घ्या, पण घडवलेला नको. झाडाखाली बाग असेल तर पानगळीत रोज वेचणी आहे, झाडू मारला की रेघा गेल्या.