सरकारी ग्रंथागारात एक चक्कर मारा

अभिजात पुस्तकं परवडत नाहीत, ही तक्रार पटते. पण सरकारी प्रकाशनं विसरू नका. राज्य सरकारच्या साहित्य संस्कृती मंडळाची पुस्तकं आजही खिशाला झेपतात. विषयाची तोंडओळख हवी असेल तर केंद्र सरकारची प्रकाशनसंस्था नॅशनल बुक ट्रस्ट आहेच, १९५७ पासून हेच काम करतंय.

तेव्हाच्या मुंबई राज्याच्या सरकारने १९५० साली काढलेली तुकोबांची गाथा आमच्याकडे आहे. आजोबांनी घातलेलं खाकी कव्हर, कडा पिवळ्या पडलेल्या, आवडत्या अभंगांपाशी पेन्सिलीच्या खुणा. तीन पिढ्या वाचतोय!

अडचण एकच, आवृत्ती संपली की पुनर्मुद्रणाची वाट बघत बसावं लागतं. त्यामुळे मुंबईत चर्नी रोडच्या शासकीय ग्रंथागारात, म्हणजे सरकारी पुस्तकांच्या दुकानात, हवं ते पुस्तक दिसलं, तर तिथल्या तिथे घेऊन टाका.